किटलीत फक्त पाणी

‘भाडं भरलंय आम्ही.’ आठवडाभर हे तीन शब्द कानांवर आदळत आहेत. किटलीचा एक व्हिडिओ विरार लोकलमध्ये वाजतो आहे, रिक्षाच्या रांगेत वाजतो आहे, बोळिंजच्या भाजीवाल्यापाशी वांगी निवडताना शेजारच्या माणसाच्या हातात वाजतो आहे, आणि सगळीकडे पूर्ण आवाजात. चारचौघांत मोबाइल मोठ्याने लावणाऱ्यांवर माझा राग जुना आहे, या आठवड्यात तो दुप्पट झाला. व्हिडिओतला प्रकार असा: लॉजच्या किटलीत अंडी उकडायची, नूडल्स शिजवायच्या, दूध आटवायचं, खोलीतल्या इस्त्रीने पोळ्या गरम करायच्या आणि कुणी बोललंच तर हे तीन शब्द तोंडावर फेकायचे.

आधीच सांगतो, प्रवासात स्वस्तात खाणाऱ्याच्या बाजूने मी उभा आहे, पूर्णपणे. जीवदानीला आलेलं पाच माणसांचं कुटुंब, अर्नाळ्याच्या समुद्रावर दोन दिवस मुलांना घेऊन आलेला कारकून, परीक्षेसाठी आलेली पोरं, साइटच्या कामाला महिनाभर येऊन राहिलेला वायरमन, यांनी दोन्ही वेळा हॉटेलात जेवायचं ठरवलं तर पगार पुरायचा नाही. एका चहाला 60 रुपये लावणारी मेन्यूकार्डं मी पाहिली आहेत. अशा वेळी खोलीतच काहीतरी करून पोट भरायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. माझा राग भांड्यावरून आहे. ते भांडं तुमचं नाही आणि तुमच्यानंतर त्यात दुसरं कुणी पाणी उकळणार आहे.

आता ते भाडं. भाडं भरलं म्हणजे नेमकं काय विकत घेतलं? एका रात्रीपुरता वापर. किटली विकत घेतली नाही आणि उद्या त्या खोलीत येणाऱ्या माणसाचा चहा तर मुळीच विकत घेतला नाही. हेच तर्कट पुढे चालवून बघा. लोकलचा पास काढला आहे म्हणून समोरच्या बाकावर चिखलाचे बूट ठेवायचे का? ठेवतात, आणि कुणी हटकलं तर पासच दाखवतात. वाचनालयाची वर्गणी भरली आहे म्हणून पुस्तकाच्या पानात तेलकट भजी गुंडाळायची का? खानावळीत थाळीचे पैसे दिले म्हणून ताटातच हात धुवायचे का? हेही करतात. ताटात हात धुणारा माणूस मला आजवर कधी सहन झालेला नाही. खरकट्या ताटात चूळ भरून तो उठतो आणि ते ताट उचलणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. त्यानेही पैसे दिलेलेच असतात. सोसायटीचा मेंटेनन्स भरला म्हणून लिफ्टमध्ये पिंक टाकणाराही पैसे भरूनच टाकतो. म्हणजे ज्याने ज्याने पैसे भरले त्याने त्याने घाण करावी, आणि ज्याने अजून भरायचे आहेत त्याने ती घाण मुकाट्याने वापरावी. एवढा एकच अर्थ त्या तीन शब्दांतून निघतो. आणि तो उद्या येणारा माणूसही पूर्णच भाडं भरतो. आदल्या रात्रीची अंडी किटलीत उकडली होती म्हणून त्याला कुणी सवलत देत नाही.

‘वस्तू वापरली की झिजणारच,’ असं याच सबबीचं थोडं शिकलेलं रूप परवा ऐकलं. झीज भाड्यात धरलेलीच असते, मान्य. चादर विरते, नळ सैल होतो, किटलीची दांडी पिवळी पडते. पण अंड्याच्या वासाला झीज म्हणत नाहीत. झीज वस्तूची होते, वास दुसऱ्या माणसाच्या तोंडात जातो. आमच्या शेजारी आगाशीला मुनिसुव्रतस्वामींचं मंदिर आहे आणि तिथे दुरून जैन यात्रेकरू येतात. त्यांच्यातली व्रतस्थ माणसं उकळलेलंच पाणी पितात. अशा एखाद्या आजींना बाहेरच्या लॉजमध्ये उतरावं लागलं आणि त्यांनी श्रद्धेने त्या किटलीत पाणी उकळलं, तर त्यांच्या वाट्याला काय येतं याचा विचार त्या नूडल्सवाल्याने करावा. त्यांना ते कळणारही नाही, आणि मला सर्वांत वाईट वाटतं ते याचंच. ज्याला फसवलं गेलं हेही समजत नाही, त्याच्याशी वागताना तर जास्तच जपायला हवं. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत गोष्ट श्रद्धेपुरतीही राहत नाही.

सगळेच करतात, बोर्ड लावलेला नव्हता, नंतर धुऊन ठेवली, या बाकीच्या सबबी. पहिल्या दोन उत्तर देण्याच्या लायकीच्या नाहीत. तिसरीबद्दल सांगतो, कारण ती प्रामाणिक माणसंही देतात. विजेची किटली ही पाण्यासाठीच केलेली असते. पाणी उकळलं की वाफ आतल्या वाटेने दोन धातूंच्या एका पट्टीपर्यंत जाते, पट्टी तापून वाकते आणि बटण बंद होतं. दूध किंवा नूडल्सचा फेस त्याआधीच उतू जातो आणि त्या वाटेत, तोटीच्या जाळीत, झाकणाच्या बिजागरीत जाऊन वाळतो. झाकण उघडं ठेवून शिजवलं तर वाफ पट्टीपर्यंत नीट पोचत नाही, किटली बंदच होत नाही आणि तळाला करपतं. खोलीत ना घासणी, ना भांड्याचा साबण. बेसिनच्या नळाखाली दोनदा खळबळून मैद्याची खळ आणि मसाल्याचं तेल जात नाही. तुमचं समाधान होतं, किटली काही स्वच्छ होत नाही.

ती स्वच्छ करते कोण? अर्नाळ्याच्या बाजूला एका लॉजवर खोल्या आवरणाऱ्या एक ताई बोळिंजला आमच्या गल्लीत राहतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, ‘काका, साल अडकलेली असते आत, बोटं घालून काढते. वास जावा म्हणून घरनं लिंबाच्या फोडी नेते, त्या उकळते. पण दुसरा पाहुणा खाली येऊन बसलेला असतो, मग कसं करणार?’ लिंबं त्यांच्या पैशाची. ज्याने चाळीस-पन्नास रुपये वाचवले त्याने ते लॉजमालकाकडून वाचवले असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ते या बाईंच्या कमरेतून आणि लिंबांतून गेले. स्वतःच्या चैनीला कात्री लावणं ही काटकसर झाली आणि तिचा मला आदर आहे. आपला खर्च न दिसणाऱ्या माणसाच्या अंगावर ढकलून पैसे वाचवणाऱ्याने काटकसरीचं नाव घेऊ नये.

खोलीत चूल नाही ही अडचण आपल्याकडे कालची नाही. गिरणगावातल्या एकेका खोलीत पाळ्यांनी झोपणाऱ्या कामगारांना स्वयंपाक करायला जागाच नव्हती. त्यांच्यासाठी खानावळी चालल्या, त्या बायकांनी चालवल्या, आणि त्याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लंडनमध्ये कायदा शिकणाऱ्या मोहनदास गांधींनी एक खोली घेतली आणि स्वतःचा स्टोव्ह विकत आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, रात्री पाव आणि कोको, दुपारचं तेवढं बाहेर. दिवसाचा खाण्याचा खर्च सव्वा शिलिंगवर आणला. बाबासाहेब आंबेडकर 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा तिथल्या बोर्डिंगात खायला इतकं बेताचं मिळे की रात्री अभ्यासाला बसल्यावर भूक छळायची. एका परिचिताने दिलेले पापड त्यांच्याजवळ होते. चार पापड पत्र्यावर भाजायचे, सोबत कपभर गरम पेय, आणि पहाटेपर्यंत वाचन. ती गोष्ट वाचताना माझा गळा आजही दाटून येतो. एवढी भूक, एवढी विद्या आणि हाताशी चार पापड. यातल्या कुणीही दुसऱ्याचं भांडं बाटवून पोट भरलं नाही. गांधींचा स्टोव्ह त्यांचा स्वतःचा होता आणि बाबासाहेबांचे पापड पत्र्यावर भाजलेले होते.

म्हणून माझा हट्ट इतकाच की किटलीत फक्त पाणी. बाकी सगळं आपल्या डब्यात. वाटी, चमचा आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतल्याशिवाय घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मी प्रवासी मानत नाही. किटलीतलं उकळतं पाणी डब्यात ओता आणि झाकण लावा. फोडणीत रवा खरपूस भाजून, मीठ घालून घरून कोरडा नेला असेल तर दहा मिनिटांत उपमा फुलतो. पातळ पोह्यांना तर गरम पाणीही नको. दही, मीठ, एक हिरवी मिरची, असली तर काकडी. भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्यांचं सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की सकाळ निघते. दशमी दुधात भिजवलेल्या कणकेची, म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दह्यात कालवलेलं मेतकूट. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनी चूल नसलेल्या मुक्कामासाठीच ही शिदोरी बसवली, आणि तिचे वारस किटलीत चमचा ढवळत बसतात. आमच्या वसई-आगाशी पट्ट्यात तर राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. दोन सुकेळी आणि पेलाभर ताक यावर माणूस दुपार काढू शकतो. आता ती स्वस्त राहिली नाहीत आणि करणारी घरंही कमी झाली आहेत, हे खरं. मग नाक्यावरचं पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे डबा पुढे करा. भाजी पिशवीत घेऊ नका, आणि वडा वर्तमानपत्राच्या कागदात तर नकोच नको. छपाईची शाई अन्नात उतरते, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये दिला होता आणि 2023 मध्ये पुन्हा दिला. मी वर्तमानपत्रात लिहितो आणि तरीही सांगतो, माझ्या स्तंभावर वडापाव ठेवू नका.

एका ठिकाणी मात्र माझा हट्ट सैल पडतो. परळला टाटा रुग्णालयात उपचार घेणारी माणसं उपनगरांत, अगदी विरारपर्यंत, स्वस्त खोली शोधत येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही मोठी कामं आहेत, पण रुग्णांच्या मानाने खाटा नेहमीच अपुऱ्या. किमोथेरपी झालेल्या नवऱ्याला बाहेरचं काहीच पोटात ठरत नाही, आणि त्याची बायको रात्री अकरा वाजता लॉजच्या किटलीत मूठभर तांदळाची पेज करते. तिला मी काय सांगू? कर बाई. सकाळी निघताना खोली आवरणाऱ्या ताईंना तेवढं सांग, म्हणजे त्या किटली बाजूला ठेवतील. याहून कडक बोलणं मला जमत नाही, आणि जमावं अशी इच्छाही नाही. सहलीला आलेल्यांनी मात्र या बाईच्या पदराआड लपू नये.

आता लॉजमालक, कारण या सगळ्यात ते स्वतःला सोशिक समजू लागले आहेत. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई’ ही पाटी त्यांच्याच दारावर असते. सिनेमागृहांना असा नियम करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी सांगितलं, पण त्याच निकालात पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागेल हेही सांगितलं. हॉटेलात बसून पाण्याची बाटली घेतली तर छापील किमतीहून जास्त घेता येते, हेही 2017 पासून कायद्याला मान्य आहे. कायदा त्यांच्या बाजूने असेल. पण सिनेमा तीन तासांचा असतो आणि तीन तास कुणीही उपाशी राहू शकतं. लॉजमध्ये माणूस रात्र काढतो, त्याची मुलं तिथे जेवतात, म्हाताऱ्यांना तिथे गोळ्या घ्यायच्या असतात. तिथे घरची पोळी दाराशी अडवणं मला क्रूरपणाचं वाटतं. जुन्या धर्मशाळांतून अनामत घेऊन भांडी देत आणि चुलीला जागा देत, त्यात कुणाचं दिवाळं निघालं नाही. बोळिंज ते अर्नाळा रस्त्यावरच्या लॉजवाल्यांनी तळमजल्यावर एक ओटा बांधावा. दोन शेगड्या, चार पातेली, एक सांडशी, घासणी आणि साबण. तासाला 20 रुपये घ्या, अनामत 200 घ्या, पातेलं घासून परत केल्याशिवाय ती देऊ नका. एवढं करायचं नसेल तर पाटी उतरवा. आणि दोन्ही करायचं नसेल, तर किटल्या खराब होतात म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. त्या ताईंच्या लिंबांचे पैसे आधी द्या.