जुना पियानो आणि न सांगितलेला दोष

आजोबांच्या काळचा उभा पियानो विकावयास काढला, की घरात चर्चा होते ती किमतीची. आमच्या मते आधीचा प्रश्न निराळा आहे: घेणाऱ्याला काय सांगावे?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचा विचार केला आहे. एकाक्ष घोड्याचे व्यंग उघड दिसते. किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर ते बोलून दाखवण्याचे बंधन नाही. व्यंग दडलेले असून त्यापासून नुकसान संभवत असेल, तर मात्र सांगितलेच पाहिजे.

पियानोच्या पिवळ्या पट्ट्या हा एकाक्ष घोडा. आतील सुमारे २२० तारांचा कित्येक टनांचा ताण बिडाची चौकट पेलते. सूर धरून ठेवतात त्या लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या खुंट्या. कोकण-गोव्याच्या हवेत ते लाकूड पावसाळ्यात फुगते, पुढे सुकते, आणि कालांतराने खुंट्या सैल पडतात. मग लावलेला सूर टिकत नाही. म्हणूनच, विक्रीच्या आदल्या दिवशी सूर लावून घेण्याची चतुराई आम्हांला खटकते. त्यात एक शब्दही खोटा नसतो! लेकीच्या शिकवणीसाठी पैसे साठवून आलेल्या बापाला तर बहुधा वाजवताही येत नाही.

दोषाची दवंडी पिटावी, असे थॉमस म्हणत नाहीत. जो घ्यावयास येईल, त्याला तेवढे सांगावे.