मरणाचा दोष कोणाच्या माथी?

अल मजाजमध्ये आम्हां मराठी कुटुंबांचे शेजारी मुसलमान, ख्रिस्ती, सर्व धर्मांचे. कोणाचे अकाली निधन झाले की प्रश्न एकच : हे देवाने केले की सैतानाने? इस्लामनुसार इब्लिस फूस लावतो. प्राण नेणारा देवदूत मात्र अल्लाहच्याच आज्ञेने येतो. बायबलातील ईयोबाच्या कथेतही सैतानाला देवाची परवानगी लागते. आपल्याकडे तर सैतानच नाही. यम हा धर्मराज!

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला गौतमीची कथा सांगतात. तिचा मुलगा सर्पदंशाने गेला. पारध्याने साप बांधून आणला. साप म्हणाला, मला मृत्यूने पाठवले. मृत्यूने काळाकडे बोट दाखवले. काळ म्हणाला, हे मुलाचेच कर्म. गौतमीने ते मानले आणि साप सोडायला लावला.

पण हे उत्तर तिने स्वतःच्या दुःखाला लावले, शेजारणीच्या नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून झोपलेल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. ७,५०० हून अधिक माणसे गेली. त्यांतल्या तान्ह्या बाळांचे कर्म कोणी मोजावे? जमीन हलणे कोणाच्या हाती नव्हते. पण माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. पुढे पुनर्वसनात भूकंपरोधक घरे उभी राहिली.

म्हणून वाटते, कर्मसिद्धांत आपल्या दुःखात धीर धरण्यासाठी ठेवावा. दुसऱ्याच्या दारी जाताना मदतीचा हात न्यावा, आणि पुढची भिंत भक्कम बांधावी.