एका प्रयत्नाचा दर

शास्त्रीय नोंदी असलेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते महापालिकेच्या रुग्णालयात. 6 ऑगस्ट 1986, परळचं केईएम, मुलगी, नाव हर्षा. डॉ. इंदिरा हिंदुजा केईएममध्ये आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेत, अशा दोघांच्या चमूंनी मिळून हे काम केलं होतं. एक रुग्णालय पालिकेचं, दुसरी संस्था केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची. म्हणजे केसपेपर काढून बाकड्यावर बसणाऱ्या बायकांच्या रुग्णालयात, जनतेच्या पैशातून हे तंत्र मुंबईत उभं राहिलं. पुढच्या चार दशकांत ते तिथून जवळपास सगळंच्या सगळं खासगी दवाखान्यांत गेलं, आणि आज नाशिक, कोल्हापूर, नांदेड कुठेही टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांचा, म्हणजे आयव्हीएफचा फलक दिसतो तो बहुधा खासगीच असतो.

तिथली पायरी चढणाऱ्या जोडप्याच्या मनात पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि तोच विचारायला त्यांना सर्वांत जास्त संकोच वाटतो. मुलासाठी पैशाकडे काय बघायचं, असं घरचेही म्हणतात. मला वाटतं, पैशाकडे नीट बघितलं नाही म्हणूनच अनेक घरं मोडकळीला येतात.

आमच्या नात्यातल्या एका मुलीनं तिची फाईल मला वाचायला दिली. ती संगमनेरजवळच्या गावात राहते, नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला. वरच्याच कागदावर ठळक अक्षरांत पॅकेज: 1,40,000. त्याखाली बारीक अक्षरांत, इंजेक्शनं वेगळी, गर्भ गोठवणं वेगळं, नंतरचं ट्रान्सफर वेगळं. पुढे मेडिकलची बिलं एकावर एक टाचलेली, सगळी मिळून 62,000. गर्भ गोठवण्याचे 30,000. गोठवलेला गर्भ पुढच्या महिन्यात गर्भाशयात सोडायचे 45,000. झाले 2,77,000, आणि यात बीजसाठ्याच्या एएमएच चाचणीपासून नळ्यांच्या एक्स-रेपर्यंतच्या आधीच्या तपासण्या धरलेल्या नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीसाठी नाशिकच्या फेऱ्या, नवऱ्याचे खाडे, हे तर कुठल्याच बिलात नसतं. गावात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून इंजेक्शनं ती मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी शेजारच्या सिस्टरकडून टोचून घ्यायची. पैसे आले सोनेतारणातून आणि पतसंस्थेतून. शेवटच्या कागदावर गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या बीटा एचसीजीचा आकडा आहे. निगेटिव्ह.

हे सगळं बेकायदेशीर नाही, आणि तो दवाखाना फसवा होता असंही माझं म्हणणं नाही. पण 1,40,000 हा आकडा कशाचा होता, हे त्या दोघांना पैसे भरताना उमगलेलं नव्हतं. ते मनातल्या मनात मुलासाठी पैसे भरत होते. दवाखान्यानं दर सांगितला होता एका प्रयत्नाचा, तोही अर्धाच.

ढोबळ हिशेब करून बघू. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल, दवाखाना चांगला असेल, तर तीन प्रयत्नांत एकदा मूल घरी येतं असं धरू. प्रयत्नाला दोन लाख धरू. शंभर जोडप्यांनी पहिला प्रयत्न केला, तेहतीस जणांना मूल झालं. उरलेल्या सदुसष्टांनी दुसरा केला, मग उरलेल्या चव्वेचाळिसांनी तिसरा. एकूण दोनशे अकरा प्रयत्न, चार कोटी बावीस लाख रुपये, सत्तर बाळं. म्हणजे बाळामागे सहा लाख. गोठवलेले गर्भ शिल्लक असले तर पुढचा प्रयत्न स्वस्तात होतो आणि हा आकडा थोडा उतरतो. चाळिशीनंतर यशाची शक्यता झपाट्यानं घसरते. ती दहात एक झाली की तोच आकडा वीस लाखांवर जातो. पण मला त्या शंभरातली उरलेली तीस जोडपी महत्त्वाची वाटतात. त्यांनी प्रत्येकी सहा लाख घातले आणि ती रिकाम्या हातानं परतली. त्यांचे फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लागत नाहीत, म्हणून पुढच्या जोडप्याला ती भेटतच नाहीत.

जिची शक्यता कमी, तिचा खर्च जास्त, हेही या उपचाराच्या रचनेतच आहे. एका पाळीत एरवी एकच स्त्रीबीज पक्व होतं. आयव्हीएफला आठ-दहा हवी असतात, त्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शनं रोज द्यावी लागतात. ही संप्रेरकं पहिल्यांदा मिळवली ती पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून, आणि त्यासाठी इटलीत मठांतल्या वृद्ध जोगिणींची मदत घेतली गेली होती. आता ती प्रयोगशाळेत पेशी वाढवूनही बनवतात. ज्या बाईचा बीजसाठा आटत आला आहे तिला डोस मोठा लागतो, बिल मोठं होतं, बीजं मात्र कमी मिळतात. या औषधांचा धंदा किती मोठा आहे याचा अंदाज अंबरनाथला कारखाना असलेल्या भारत सीरम्सच्या व्यवहारावरून येतो. स्त्रीआरोग्य आणि वंध्यत्वाची औषधं हा जिचा मोठा आधार, ती ही कंपनी 2024 मध्ये मॅनकाइंड फार्मानं तेरा हजार कोटींहून अधिक रुपयांना विकत घेतली.

औषधांचा, भ्रूणतज्ज्ञाचा, इन्क्युबेटरचा, चोवीस तास विजेचा खर्च खराच आहे. त्यावर चढवल्या जाणाऱ्या जादा गोष्टींबद्दल मात्र मला राग आहे. एक प्रयत्न फसला की पुढच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढू, अमुक चाचणी करू, तमुक इंजेक्शन देऊ, असं सुचवलं जातं, आणि खचलेलं जोडपं कशालाच नाही म्हणत नाही. या ओरखड्याची 1364 स्त्रियांवर पद्धतशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण सारखंच निघालं. शुक्राणू सुईनं बीजात सोडण्याचं इक्सी हे तंत्र 1992 पासून पुरुषांतल्या दोषावर खरोखर वरदान ठरलं. पण शुक्राणू ठीक असताना त्याचा जास्तीचा फायदा नाही, असं व्हिएतनाममध्ये हजाराहून अधिक जोडप्यांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. आपल्याकडे इक्सी सर्रास सगळ्यांना केली जाते.

आणि पुरुषाची तपासणी? वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते. तरी दुर्बिणीतून तपासणी झालेल्या, वर्षभर गोळ्या खाल्लेल्या, नवससायास केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, ज्यांच्या नवऱ्याची ही साधी तपासणी तोवर झालेली नव्हती. मूल न होणाऱ्या जोडप्यांत पुरुषाचा दोष काही अंशी तरी असण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. घरातला संकोच असा थेट खर्चात उतरतो, आणि तो फेडायला बहुतेक वेळा बाईचंच सोनं मोडतं.

एवढा खर्च वाटून घ्यायला कोणी नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची जी प्रमाणित यादी असते, तिच्यात वंध्यत्व आहे. थोड्या कंपन्या अलीकडे मर्यादित संरक्षण देतात, तेही प्रतीक्षाकाळ लावून. आयुष्मान भारतमध्येही हे उपचार बसत नाहीत. ज्या देशानं 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, नसबंदी आणि तांबी गावोगाव फुकट पोचवली, त्याच्या आरोग्ययंत्रणेला मूल न होणं हे दुखणं वाटत नाही. लोकसंख्या एवढी असताना सरकारनं यावर का खर्च करावा, असं विचारणारे भेटतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आणि गोव्याचा 1.3 आहे, हे त्यांना सांगता येतं. पण मला तो युक्तिवाद नको आहे. गुडघा बदलायला मदत करताना आपण देशातले गुडघे मोजत नाही.

जपाननं एप्रिल 2022 पासून आयव्हीएफ सरकारी विम्यात आणलं: वयाची मर्यादा 43, प्रयत्नांचीही मर्यादा, आणि खर्चाचा साधारण तीस टक्के भाग रुग्णानं भरायचा. मर्यादा घातली याचा अर्थ, थांबायचं कुठे हेही सरकारनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बेल्जियममधल्या गेंकच्या डॉ. विलेम ओम्बेले यांच्या गटानं महागड्या इन्क्युबेटरऐवजी साध्या काचनळ्या वापरल्या. गर्भाला लागणारा कार्बन डायऑक्साइड सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याच्या सोड्यातून तयार केला, आणि निवडक रुग्णांत निकाल नेहमीच्या पद्धतीच्या तोडीचे आले. आपल्या जवळचं उदाहरण बांबोळीचं आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयानं 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विभागात एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला हे जमू नये असं त्यात काही नाही. त्याच्याही आधी उपजिल्हा रुग्णालयात वीर्यतपासणी आणि जननमार्गाच्या क्षयाचा शोध व्हायला हवा. क्षयानं नळ्या बंद होणं हे आपल्याकडे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे. क्षयाची औषधं सरकार फुकट देतं. निदान उशिरा झालं की त्याच बाईला आयव्हीएफशिवाय वाट राहत नाही.

2021 चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आला, त्यानं दवाखान्यांची नोंदणी आणली, उपचारासाठी स्त्रीला 21 ते 50 आणि पुरुषाला 21 ते 55 अशी वयं ठरवली, बीज देणाऱ्या स्त्रीला ते आयुष्यात एकदाच देता येईल असं बंधन घातलं. दराला त्यानं हात लावला नाही. एक कलम मात्र लोकांपर्यंत पोचायला हवं होतं, ते पोचलेलं नाही: यशाची शक्यता, धोके, खर्च आणि दत्तकाचा पर्याय हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये नियामक संस्था प्रत्येक दवाखान्याचे निकाल वयोगटानुसार स्वतः प्रसिद्ध करते. आपल्याकडे राष्ट्रीय नोंदवही कायद्यात आहे, तर तिच्यातले आकडे रुग्णाला मोबाईलवर वाचता आले पाहिजेत.

संगमनेरची ती मुलगी आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. जाण्याआधी आम्ही दोघींनी बसून वहीत प्रश्न लिहिले. इंजेक्शनांसकट सगळा खर्च लेखी द्याल का. गर्भ तयारच झाला नाही तर किती परत मिळतील. गोठवलेल्या गर्भाचं वर्षाचं भाडं किती. इक्सी माझ्या नवऱ्याला का लागते. माझ्या वयाच्या किती बायकांनी गेल्या वर्षी तुमच्याकडे उपचार सुरू केले आणि त्यातल्या किती बाळ घेऊन घरी गेल्या. पॉझिटिव्ह किती आल्या, हे नको. आणि कितव्या प्रयत्नानंतर तुम्ही स्वतःहून मला थांब म्हणाल. हा शेवटचा प्रश्न तिनं घातला. नवऱ्याशी बोलून तिनं त्याखाली स्वतःचा आकडाही लिहून ठेवला आहे, आणि सासूबाईंनाही तो सांगितला आहे.