नाबोथाचा मळा आणि बारसूचा सडा

१ राजे २१ व्या अध्यायातील अहाबाची मागणी आपण पुन्हा एकदा शांतपणे वाचावी. राजाने आरंभीच जुलूम केला नव्हता. मळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा, नाहीतर रोख मोल, असा व्यवहार त्याने पुढे ठेवला. आजच्या भाषेत तो योग्य मोबदलाच होय. नाबोथाने तो नाकारला, कारण ती वाडवडिलांची 'नहला' होती. या इब्री शब्दापाशी माझी लेखणी नेहमी अडखळते. 'मालमत्ता' म्हणावे तर विकण्याची मुभा येते. 'वतन' म्हणावे तर मराठी वाचकास पाटील-कुलकर्णी आठवतात!

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात अशीच मागणी आली. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ साली कंपनी स्थापन झाली. नाणार परिसरातील विरोधामुळे २०१९ मध्ये तेथील भूसंपादन रद्द झाले. पुढे बारसू-सोलगावचे नाव आले आणि एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात माती-परीक्षण सुरू झाले, तेव्हा ग्रामस्थ, विशेषतः स्त्रिया, सड्यावर ठाण मांडून बसल्या. आंबा, काजू, मासेमारी आणि कातळशिल्पे ही त्यांची नहला.

आपली सहानुभूती सहजच नाबोथाकडे जाते. परंतु ज्याच्यापाशी मळाच नव्हता, त्याचे काय? कोकणातील कितीतरी घरांत म्हातारे आईबाप राहतात आणि मुलगा मुंबईत खोलीत दाटीने दिवस काढतो. कारखान्यात नोकरी मिळेल हे आश्वासन त्याच्या कानी पडते, तेव्हा "आम्हांला प्रदूषण नको" हे त्याला उत्तर होत नाही. माझी स्वतःची चूल गॅसच्या टाकीवर पेटते. त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला कोठून?

मग सूर्याकडे वळावे, तर तेथेही हिशेब सुटत नाही. कर्नाटकातील पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. तेथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. आरंभीचा दर एकरी वर्षाला २१,००० रुपये होता. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, ही मोठी गोष्ट. पण त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला भाडे कोण देणार? उभारणी संपल्यावर पट्ट्या धुणे, गवत कापणे, पहारा करणे एवढेच काम उरते, आणि तेही थोड्यांना. धूर नाही म्हणून एखादा धंदा न्यायाचा ठरत नाही.

याउलट घरांच्या छपरांवरील सौरकामाला तेवढ्याच विजेमागे अधिक हात लागतात, आणि तेथे कोणाची जमीनही जात नाही. काजू-कोकम वाळवणे, मासळीसाठी शीतगृह चालवणे ही कामे त्या विजेला जोडता येतात. तेव्हा ग्रामसभेत तेलाला 'नाही' म्हणणाऱ्याने किती जणांना काम, किती महिन्यांचे, कोणत्या वेतनावर आणि भूमिहीनांचा वाटा किती, हा कागदही सोबत आणावा. तो नसेल तर मुंबईच्या गाडीत बसलेला मुलगा त्याचे का ऐकेल?

आपल्या मंडळ्यांपाशी शाळा, वसतिगृहे, दवाखाने आहेत, आणि त्यांना मोठमोठी छपरे आहेत. त्यांवर सौरपट्ट्या बसवताना शहरातील ठेकेदार बोलवायचा, की आधी गावातील दोन मुलांना ते काम शिकवायचे, हा विषय येत्या वार्षिक सभेच्या कार्यपत्रिकेवर घालता येईल.