वाचकाच्या हाती काय होतं?

चार्ल्स डिकन्स आज असता तर वेबसिरीज लिहीत असता, हे वाक्य साहित्याच्या परिसंवादांत आता इतकं रुळलंय की त्यावर टाळ्याही सवयीने पडतात. त्याच्या मागोमाग येणारा सिद्धान्त जास्त धीट असतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या क्रमशः कादंबऱ्या म्हणे वाचकांनीच घडवल्या. लेखक बिचारा खपाचे आकडे बघून लेखणी चालवणारा कारकून. डिकन्सला शब्दागणिक पैसे मिळत म्हणून तो पाल्हाळ लावी, ही दंतकथाही याच पंगतीत वाढली जाते. त्याला मोबदला मिळे तो अंकागणिक, आणि अंकाची पानं ठरलेली असत.

ती पानंच आधी बघावीत. 1836 साली ‘पिकविक पेपर्स’ निघू लागलं आणि तिसऱ्या अंकापासून त्याचं रूप पक्कं झालं: हिरवट वेष्टन, 32 पानं, दोन चित्रं, जाहिराती आणि किंमत एक शिलिंग. महिनाअखेरीला नवा अंक दुकानात पोचलाच पाहिजे. एखादं प्रकरण रंगलं म्हणून तेहेतिसावं पान मिळत नसे, आणि आटलं म्हणून तिसाव्यावर थांबताही येत नसे. पहिल्या अंकाच्या हजारभर प्रती निघाल्या; शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. ही उसळी आली ती सॅम वेलर या नोकराच्या प्रवेशानंतर. इथे सिद्धान्तवाले विजयी मुद्रेने बोट ठेवतात. पण चौथ्या अंकात सॅम येण्याआधी त्याची मागणी कोणी केली होती? तो आल्यावर लोकांनी त्याला उचलून धरलं. हे काम मोठंच, पण निर्मितीचं नव्हे.

‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’च्या वेळी मागणी खरोखरच झाली. ती ज्यात क्रमशः येत होती त्या साप्ताहिकाचा खप लाखाच्या घरात होता आणि छोट्या नेलला मारू नका, अशा विनवण्यांची पत्रं येत होती. नेल मेली.

उलट ‘मार्टिन चझलविट’च्या वेळी खप वीस हजारांच्या आसपास रेंगाळला. तेव्हा प्रकाशनसंस्थेतला भागीदार विल्यम हॉलने करारातल्या एका कलमाची आठवण करून दिली: विक्री कमी पडली तर महिन्याच्या दोनशे पौंडांतून पन्नास कापता येतील. डिकन्स भडकला. नायकाची अमेरिकेला रवानगी आधीच झाली होती, पण खप फारसा हलला नव्हता.

अँथनी ट्रोलॉपचा किस्सा तर सिद्धान्तवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. ॲथेनियम क्लबात दोन पाद्री त्याच्याच कादंबऱ्यांना नावं ठेवत होते: तीच ती पात्रं परत परत आणतो. बिशपच्या कजाग बायकोवर, मिसेस प्राउडीवर, त्यांचा विशेष राग. शेजारीच बसलेला ट्रोलॉप उठून त्यांच्यापुढे गेला आणि म्हणाला, घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारतो. पाद्री ओशाळले. ट्रोलॉपने मात्र ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’मध्ये शब्द पाळला, आणि पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल हळहळलाही. पाद्रीबुवांनी खून मागितलाच नव्हता. त्यांना फक्त कंटाळा आला होता. कंटाळ्याचं कथानकात रूपांतर कसं करायचं हे लेखकाने ठरवलं, आणि त्याच्या स्वतःच्या मते ते बहुधा चुकलंच.

आकडाच न्यायाधीश असेल, तर आज डिकन्सऐवजी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सचे पुतळे हवेत. 1844पासून त्याची ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’ दर आठवड्याला एका पेनीला विकली जाई. शिलिंग परवडणाऱ्या दिवाणखान्यापेक्षा हा वाचक कितीतरी मोठा. 1879 साली तो वारला तेव्हा ‘द बुकसेलर’ने त्याला आपल्या काळातला सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटलं. हिंदुस्थानातही त्याचं वेड होतं. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ 1885 साली ‘पुणे वैभव’मधून क्रमशः आली, ती त्याच्याच कादंबरीचा आधार घेऊन. हरिभाऊ मात्र तिथे थांबले नाहीत. ‘करमणूक’ काढून त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली, आणि अशी कादंबरी हवी म्हणून पुण्यात कोणी अर्ज केल्याचं दिसत नाही.

इथवर वाचकपूजकांची बाजू लंगडी दिसते. पण एक उदाहरण घशात अडकतं. 1860च्या शरदात डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’मध्ये चार्ल्स लीव्हरची ‘अ डेज राइड’ चालू होती आणि खप आठवड्यागणिक घसरत होता. डिकन्सच्या डोक्यात एक कल्पना होती. ती वीस मासिक अंकांत ऐसपैस मांडायचा बेत होता. साप्ताहिक वाचवायला त्याने बेत मोडला आणि 1 डिसेंबरपासून तीच कल्पना आठवड्याच्या आखूड हप्त्यांत सुरू केली. ती ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. त्याच्या कादंबऱ्यांत सर्वांत घोटीव बांधणी हिचीच, आणि ती आखूड हप्त्यांमुळे आली, हे नाकारणं शुद्ध हट्ट होईल.

म्हणजे बाजाराने एक थोर कादंबरी घडवली, हे मान्य करावंच लागतं. पण कोणत्या वाटेने? पिप, मॅग्विच किंवा लग्नाच्या झग्यात कुजणारी मिस हॅविशॅम यांची शिफारस एकाही ग्राहकाने केली नव्हती. ग्राहकांनी फक्त अंक घेणं सोडलं. तो नकार बहुमोल होता. त्याच्यापुढचं सगळं रिकामं होतं आणि ते भरणारा माणूस एकच होता. शेवट बदलला तोही जनमताने नव्हे, तर बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सल्ल्याने, आणि मुद्रितं त्याने वाचल्यावर.

लीव्हरची कादंबरी बंद केली गेली नाही. डिकन्सने त्याला धीराची पत्रं लिहिली, पहिल्या पानावर स्वतःची कादंबरी नेली, आणि ‘अ डेज राइड’ मार्च 1861पर्यंत त्याच साप्ताहिकात मागच्या पानांवर छापून येत राहिली.