माळकऱ्याचं धनुष्य

आमच्या मेहकरचा देव शारंगधर, शार्ङ्ग धनुष्य धारण करणारा. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती बघायला लोक लांबून येतात. याच देवाने मेघंकर दैत्याला मारलं आणि गावाला नाव मिळालं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मूर्तीच्या चार हातांत मात्र शंख, चक्र, गदा, पद्म, धनुष्य नावापुरतं. मी सुतार, गळ्यात तुळशीची माळ. दसऱ्याच्या रामासाठी धनुष्य करायला घेतलं की दरवर्षी एक प्रश्न समोर उभा राहतो: जी वस्तू मारण्यासाठीच जन्माला आली, तिला माळकऱ्याने नटवायचं तर कशानं?

लाकूड धामणीचं. जुन्या ग्रंथांत तिला धनुर्वृक्षच म्हटलंय. रंधा मारून झाला की काचेच्या तुकड्याने खरवडत बसायचं. कमानीची दोन्ही अंगं सारखी वाकेपर्यंत. हे काम हात करतात, त्यात मनाला फारसा पेच नाही. पेच पडतो चकाकी द्यायची वेळ आली की.

सगळ्यात झळाळी देते लाख. खराडी लोक पाळण्याच्या दांड्यांना, लाटण्यांना तीच चढवतात. पण लाख म्हणजे पळस, बोर, कुसुमाच्या फांदीवर चिकटून बसलेल्या किड्यांचं घर. फांदी खरवडली की घराबरोबर तेही चिरडले जातात. जैन श्रावकांना वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार आहे; मनुस्मृतीही ब्राह्मणाला लाख विकायला मनाई करते. दुकानातले जाणकार म्हणतात, वाकणाऱ्या लाकडावर लाख तडकते, म्हणून तू ती सोडली असशील. तडकते हे खरं. पण रामाचं धनुष्य ओढतो कोण? तिथे ती वर्षानुवर्षं टिकली असती. तरी मी लावत नाही, आणि त्याचं कारण ते किडेच.

मी लावतो जवसाचं तेल. तिळाचं तेल चिकट राहतं. जवसाचं हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या अंगचंच होऊन जातं. तळहाताने चोळायचं, उरलेलं पुसून काढायचं, उन्हात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळायचं. घाई केली की वर साय धरते आणि आत ओलं राहतं. काळ्या पट्ट्यांना बिब्याचा रस आणि चुना. धोबी कपड्यांवर खुणा करायचे तोच. बिबा अंगावर उततो, म्हणून आधी हाताला खोबरेल लावायचं. पळसफुलांचा केशरी रंग फार सुंदर, पण उन्हाला विटतो. त्यामुळे तांबड्यासाठी धावड्याच्या डिंकात खललेला गेरू. मुठीला अंबाडीचा वाख घट्ट गुंडाळायचा.

मग जवस तरी निर्दोष आहे का? वनपर्वातला धर्मव्याध, मिथिलेत मांस विकणारा, कौशिक नावाच्या तपस्व्याला हेच सुनावतो: नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात ते बघ, मग मला बोल. त्याचं म्हणणं कोणी खोडू शकलेलं नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसा सांगताना झाडं उपटून केलेल्या औषधांचाही हिशेब मांडतात आणि मग पावलांपासून हातांपर्यंत एकेका अवयवाकडे येतात. मला तिथे उत्तर सापडतं असं नाही. पण अहिंसा हातात उतरावी लागते, एवढं तिथून कळतं. म्हणजे ती माझ्या कामाच्या पाटावर येते, तेलाच्या वाटीत येते. नांगराखाली जीव मरतात म्हणून लाखेतले किडे हिशेबातून वगळावेत, हे मला पटत नाही. धर्मव्याधही तसं म्हणत नाही. हिंसा कमी करण्याचा यत्न करा, असंच तो सांगतो.

जळगाव जामोदच्या बाजारात सातपुड्यातला एक भिलाला म्हातारा भेटला होता. त्याचं धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची. कौटिल्याने धनुष्याच्या दोऱ्यांत रुई, ताग यांच्याबरोबर वेणू, म्हणजे बांबूही सांगितला आहे; तो मी त्या बाजारात हातात धरला. नक्षी का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "दादा, मुठीपाशी बघ." तिथे बांबू हाताळून हाताळून गुळगुळीत, काळपट झाला होता. माझ्या जवसाच्या सगळ्या थरांना ती झाक आलेली नाही. पोटासाठी धनुष्य धरणाऱ्याला त्याची शोभा वेगळी करावी लागत नाही. शोभा करायची पाळी आमच्यावर, जे ते नुसतं पुजतो.

मोरपिसाचं सोपं आहे. पावसाळा सरता सरता मोर आपणच पिसारा गाळतो, दसऱ्याच्या आत शेताच्या बांधावर पिसं मिळतात. 1972 च्या कायद्याने मोराला पूर्ण संरक्षण आहे आणि गळालेलं पीसच तेवढं घेता येतं. माझा नियम आणि सरकारचा नियम इथे एक होतात.

अवघड आहे ते शिंग. शार्ङ्ग धनुष्य शिंगाचंच. कौटिल्याच्या यादीतही ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्यं आहेत. दोरी जिथे अडकते त्या टोकांना शिंगासारखं दुसरं काही नाही, लाकडी खाच दोरीने कापली जाते. आमची म्हैस गोठ्यात म्हातारी होऊन मेली, तिचं शिंग मी जपून ठेवलं होतं. ते बसवतो म्हटल्यावर मंडळातले जुने लोक अडले. मेल्या जनावराची वस्तू रामाच्या हातात नको. मी त्यांना कीर्तनातल्या पखवाजाची आठवण दिली. त्याची दोन्ही तोंडं कातड्याची, आणि विठ्ठलासमोर तोच घुमतो. एकजण म्हणाला, ते कातडं कुठून येतं हे आपल्याला ठाऊक नसतं. मी म्हटलं, म्हणूनच हे शिंग बरं, ही म्हैस कशी मेली ते मला ठाऊक आहे, तिला शेवटचं पाणी मीच पाजलं.

त्यावर बरीच बोलाचाली झाली आणि पूर्ण एकमत झालंच नाही. शेवटी टोकांना शिंगच बसलं. कुणाचं म्हणून पोरं विचारतात, तेव्हा म्हशीचं नावही सांगतो, चंद्री.