बी.टेक.चा प्रकल्प

मणींद्र अग्रवाल यांचा परिचय तीन ओळींत आटोपतो. बी.टेक. आयआयटी कानपूरमधून, १९८६ साली. पीएच.डी. तिथेच, सोमनाथ बिस्वास यांच्या मार्गदर्शनाखाली. पुढे संगणकशास्त्राचे प्राध्यापकही तिथेच. शिक्षण, अध्यापन, संशोधन असे तीन रकाने भरले जातात. मात्र ऑगस्ट २००२मध्ये जे घडलं, ते यांतल्या कुठल्याच एका रकान्यात मावत नाही.

प्रश्न जुना होता. शेकडो अंकी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि पूर्ण खात्रीनं सांगता येईल का? एकेका संख्येनं भागत बसलो तर युगं लोटतील. मिलर-राबिन चाचणी चटकन उत्तर देते, पण त्यात चुकीची किंचित शक्यता उरते.

१९९९मध्ये अग्रवाल आणि बिस्वास यांनी हा प्रश्न बहुपदींकडे वळवला. तपासायच्या संख्येला न म्हणू. (क्ष + १) या बहुपदीचा न-वा घात उलगडला आणि न मूळ असेल, तर मधल्या प्रत्येक पदाच्या सहगुणकाला न-नं पूर्ण भाग जातो. पण न प्रचंड असेल तर पदंही तितकीच. म्हणून विस्ताराला एका लहान बहुपदीनं भागून बाकीच तेवढी तपासायची. ही बहुपदी त्यांनी यादृच्छिक निवडली होती, म्हणजे दैवाचा हवाला राहिलाच.

तो काढण्याच्या कामात अग्रवाल यांनी बी.टेक.ची मुलं घेतली! २००१मध्ये रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे, पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. या शेवटच्या दोघांसह अग्रवाल यांनी नऊ पानी निबंध लिहिला: भागणारी बहुपदी ठरावीक साच्याची घेतली आणि मोजक्याच समीकरणांची पडताळणी केली, तरी उत्तर चुकत नाही.

पदवीच्या प्रकल्पाला सहसा असा विषय देतात, ज्याचं उत्तर शिक्षकाला ठाऊक असतं. इथे शिक्षकालाच न सुटलेलं कोडं मुलांपुढे ठेवलं गेलं. विद्यार्थ्यावर याहून मोठा विश्वास कोणता असेल?

व्यवहारात ही रीत संथ आहे. गुप्तलेखनासाठी मूळ संख्या शोधताना आजही मिलर-राबिनसारख्या चाचण्याच वापरतात. म्हणून तिचं मोल घटत नाही. यादृच्छिकतेशिवाय हे जमतं, हेच तर सिद्ध करायचं होतं. २००६मध्ये तिघांना गोडेल पारितोषिक मिळालं.

भट्टाचार्जी आणि पांडे यांच्या प्रकल्पातून एक तर्कही पुढे आला होता. तो खरा ठरला तर ही चाचणी कितीतरी वेगवान होईल. गणितज्ञ लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांना तो खोटा असावा असं वाटतं, पण त्याला छेद देणारी एकही संख्या अजून सापडलेली नाही.